तोळामासा प्रकृती : अपुऱ्या दिवसांत घरी जन्मलेले मूल पुढे सारखे आजारी का पडते?

पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या जन्माची हकिगत घरोघरी जवळजवळ सारखीच सांगितली जाते. दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या, दवाखाना लांब होता, सुईणीने घरीच बाळंतपण केले, मूल इतके लहान की हातात धरायची भीती वाटे, ते कापसात गुंडाळून ठेवले आणि ते जगेल अशी आशा कोणालाच नव्हती. पुढचे वाक्यही ठरलेले असते, ते म्हणजे ‘तेव्हापासून याची प्रकृती तोळामासाच’. मूल बाळसे धरत नाही, पावसाळा सुरू झाला की छाती भरते, शाळेचे निम्मे दिवस अंथरुणात जातात, आणि या सगळ्याचे उत्तर म्हणून त्या जन्मकथेकडे बोट दाखवले जाते. ते बोट बरोबर दिशेला असते, पण तिथेच थांबते. लवकर जन्मल्यामुळे नेमके काय अपुरे राहिले, त्यातले काय नंतर भरून काढता आले असते आणि कशाचा जन्माशी काहीच संबंध नव्हता, हे वेगवेगळे करून पाहिले, तर ‘प्रकृती’ या एका शब्दाखाली झाकलेल्या बऱ्याच गोष्टी म्हणजे ठरावीक, ओळखता येणाऱ्या आणि पुष्कळदा उपाय असलेल्या कमतरता होत्या असे दिसते.

दिवसांचा हिशेब

गर्भारपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्या हिशेबाने पूर्ण काळ ४० आठवड्यांचा असतो आणि ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानले जाते. अशा बाळांपैकी बहुसंख्य ३२ ते ३७ आठवड्यांची असतात. त्यापेक्षा लवकर जन्मणारी कमी आणि २८ आठवड्यांच्या आत जन्मणारी फारच थोडी असतात. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अपुऱ्या दिवसांत जन्मली, म्हणजे साधारणपणे दर दहांत एक, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतली सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३० लाख, भारतात जन्मली.

इथे एक गल्लत टाळली पाहिजे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे प्रत्येक बाळ अपुऱ्या दिवसांचे नसते. आईचे पोषण कमी पडल्यामुळे किंवा वारेतून होणारा पुरवठा तोकडा असल्यामुळे पूर्ण दिवसांचे बाळही दोन किलोचे जन्मू शकते, आणि आपल्या देशात कमी वजनाच्या बाळांमध्ये अशांची संख्या मोठी आहे. दोघांच्या अडचणी काही प्रमाणात सारख्या असल्या तरी पूर्ण दिवसांच्या हडकुळ्या बाळाची फुप्फुसे बहुधा तयार झालेली असतात, तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाची तयार झालेली नसतात. जन्माच्या वेळी वजनकाटाही नसलेल्या घरात हा फरक नंतर कसा ओळखायचा, असा प्रश्न पडतो. परंतु घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या आठवणी अशा वेळी फार उपयोगी पडतात. खांद्यांवर आणि पाठीवर मऊ लव होती, कातडी इतकी पातळ होती की शिरा दिसत, कानाची पाळी दुमडली की तशीच राही, तळपायांवर रेषा जवळजवळ नव्हत्या, अशा खुणा एखाद्या आजीने सांगितल्या, तर ते मूल अपुऱ्या दिवसांचेच होते असे मानायला हरकत नाही, कारण नवजात बाळाचे दिवस अजमावताना डॉक्टरही याच खुणा पाहतात.

सातव्या महिन्यातले मूल जगते आणि आठव्यातले जगत नाही, ही समजूत आपल्याकडे अजून ऐकू येते. ती केवळ आपली नाही. हिप्पोक्रेटिसच्या नावावर जमा असलेल्या प्राचीन ग्रीक वैद्यकीय लिखाणातही ती आढळते. ती साफ चुकीची आहे. पोटात काढलेल्या प्रत्येक जादा आठवड्याबरोबर बाळाच्या जगण्याची शक्यता वाढतच जाते. सातव्या महिन्यातले म्हणून सांगितलेले आणि धडधाकट जगलेले मूल पुष्कळदा प्रत्यक्षात आणखी काही आठवडे मोठे असावे, असे मला वाटते. पूर्वीच्या हिशेबात चुका होत, आणि काही वेळा लग्नाची तारीख सांभाळण्यासाठी हिशेब मुद्दाम तसा मांडला जाई. खगोलशास्त्रज्ञ योहान केप्लर याने स्वतःच्या जन्माचा असाच हिशेब मांडून आपण आईच्या पोटात २२४ दिवसांहून थोडेच अधिक होतो असे नोंदवून ठेवले आहे. त्याच्या आईवडिलांचा विवाह १५ मे १५७१ रोजी झाला आणि त्याचा जन्म २७ डिसेंबरला. या आकडेमोडीत घराण्याच्या अब्रूचाही वाटा असावा, अशी शंका घ्यायला जागा आहे. लहानपणी तो सतत आजारी असे, पण त्याची दृष्टी अधू झाली ती देवीच्या आजाराने. तिचा संबंध लवकर जन्मण्याशी नव्हता.

आयझॅक न्यूटनचे उदाहरण तर अनेकांना माहीत असते. इंग्लंडमधल्या वूल्सथॉर्प गावी १६४२ सालच्या नाताळच्या दिवशी, तेव्हाच्या तिथल्या पंचांगाप्रमाणे, तो घरीच जन्मला आणि एक लिटरहून थोड्या मोठ्या मापात मावेल एवढाच होता, असे त्याने म्हातारपणी सांगितले. त्याच्यासाठी काही आणायला पाठवलेल्या दोन बायका, आपण परत जाईपर्यंत मूल राहणार नाही अशा समजुतीने, वाटेत निवांत बसून राहिल्या होत्या. तो चौऱ्याऐंशी वर्षे जगला. अशा कथांनी धीर येतो हे खरे, पण त्याच काळात त्याच परगण्यात तशीच जन्मलेली आणि आठवडाभरात गेलेली मुले कोणाच्याही चरित्रात येत नाहीत, हे लक्षात ठेवूनच त्या वाचाव्यात.

शेवटच्या आठवड्यांत पोटात काय घडते

सातव्या महिन्यानंतर बाळ फक्त आकाराने वाढते, अवयव तर आधीच तयार झालेले असतात, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक शेवटच्या दहाबारा आठवड्यांत बाहेरच्या जगात लागणाऱ्या बहुतेक गोष्टींचा साठा होत असतो.

फुप्फुसांपासून सुरुवात करू. फुप्फुसांत हवेचे लक्षावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि त्यांच्या आतल्या बाजूला ओलावा असतो. पाण्याने भिजलेल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना घट्ट चिकटतात आणि ती फुंकून उघडायला जोर लावावा लागतो, तसे हे कप्पे प्रत्येक उच्छ्वासानंतर मिटून चिकटतील. ते तसे होऊ नये म्हणून फुप्फुसातल्या विशिष्ट पेशी साबणासारखा निसरडा द्रव तयार करतात. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. हा द्रव चोविसाव्या आठवड्याच्या आसपास तयार होऊ लागतो आणि साधारणपणे चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत पुरेसा होतो. तो अपुरा असेल तर बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतक्याच कष्टाने घ्यावा लागतो. ते कण्हते, बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जातो आणि काही तासांत ते थकते. या आजाराचे मूळ सर्फॅक्टंटच्या अभावात आहे हे मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ साली दाखवून दिले. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोन दिवसांत याच आजाराने दगावला, तेव्हा जगातली उत्तम रुग्णालये हाताशी असूनही कारण माहीत होते आणि उपाय नव्हता. बाहेरून सर्फॅक्टंट देण्याचा उपचार जपानमधील फुजिवारा यांनी १९८० मध्ये यशस्वी करून दाखवला.

उष्णतेचे गणितही शेवटच्या आठवड्यांतच जमते. नवजात बाळाला मोठ्या माणसासारखे कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही; मानेजवळ, खांद्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती साठलेली एक खास तपकिरी चरबी जाळून ते स्वतःला गरम ठेवते. ही चरबी शेवटच्या तीन महिन्यांत जमा होते. लवकर आलेल्या बाळाकडे ती जेमतेम असते, त्वचा पातळ असते आणि वजनाच्या मानाने अंगाचे क्षेत्रफळ फार मोठे असते, त्यामुळे ते झपाट्याने गार पडते.

त्याचबरोबर आईकडून बाळाला मिळणारे लोह, कॅल्शियम आणि स्फुरद यांचा मोठा भाग याच काळात वारेतून पलीकडे जातो. रोगांशी लढणारी आईची प्रतिपिंडेही तेव्हाच जातात. बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाच्या रक्तातली त्यांची पातळी आईच्या साधारण निम्म्यावर असते, तर पूर्ण दिवसांच्या बाळात ती आईच्या बरोबरीची किंवा थोडी अधिकही असते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसतो. त्यापूर्वी जन्मलेले बाळ स्तनाला लावले की दोनतीनदा चोखून झोपी जाते आणि घरातले समजतात की त्याचे पोट भरले.

घरातले पहिले अठ्ठावीस दिवस

१९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातली जेमतेम २६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे आढळले होते. हे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के आणि २०१९-२१ मध्ये सुमारे ८९ टक्के झाले. म्हणजे आज तिशीच्या पुढे असलेल्या बहुतेक भारतीयांचा जन्म घरी झालेला आहे आणि त्यांतल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांनी पहिला महिना कसा काढला याची लेखी नोंद जवळजवळ कुठेच नाही. अशी नोंद काटेकोरपणे ठेवली गेली ती गडचिरोली जिल्ह्यात.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून तिथल्या ३९ गावांत नवजात बाळांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत होती. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून त्यांनी घरी जाऊन बाळाला तपासण्याची पद्धत बसवली आणि तिसऱ्या वर्षापर्यंत हा आकडा सुमारे २५ वर आला. हा शोधनिबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष २००५ साली आला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी आधी तिघांत एक दगावत असे, ते प्रमाण घरच्या घरी काळजी घेऊन सुमारे दहांत एक इतके खाली आले. त्या घरांमध्ये इनक्युबेटर नव्हता आणि सर्फॅक्टंटही नव्हते. लवकर जन्मणे या एकाच कारणाने बाळ सहसा जात नाही. त्यावर गारठा, उपासमार किंवा जंतुसंसर्ग यांची भर पडली की जाते, आणि ही भर थांबवता येते, हे त्या गावांनी दाखवून दिले.

मग घरांमध्ये प्रत्यक्षात काय होत असे? जन्मल्याबरोबर बाळाला अंघोळ घालत. ओले, दीड किलोचे मूल वार पडेपर्यंत जमिनीवर राही. पहिला घट्ट पिवळसर चीक वाईट समजून पिळून टाकला जाई आणि त्याऐवजी मध, गुळाचे पाणी किंवा घुटी चाटवली जाई. चिकात मात्र प्रतिपिंडे भरपूर असतात, आणि वारेतून येणारी प्रतिपिंडे या बाळाला पुरेशी मिळालेली नसतात. नाळेवर राख किंवा तेल लावले जाई. शेगडी पेटवून, ओवा-शेपा टाकून धुरी दिली जाई, आणि बंद खोलीतला तो धूर आधीच अर्धवट उघडलेल्या फुप्फुसांत शिरत असे. यामागे कोणाचा दुष्टपणा नव्हता. ऊब हवी हे सगळ्यांना कळत होते, पण ऊब आणि धूर एकाच शेगडीतून येत होते. कापसाचेही तसेच. कोरड्या कापसात बाळाची ऊब टिकते, पण कापूस स्वतः ऊब देत नाही. आधीच गार पडलेले बाळ कापसात गुंडाळले तर ते गारच राहते.

ऊब देते ते आईचे अंग. कोलंबियाची राजधानी बोगोटा इथल्या एका गर्दीच्या प्रसूतिगृहात १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुरेशा काचपेट्या, म्हणजे इनक्युबेटर, नव्हत्या, म्हणून एडगर रे सनाब्रिया आणि हेक्टर मार्टिनेस या डॉक्टरांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी उभे बांधायला सुरुवात केली. त्या पद्धतीला कांगारू पद्धत म्हणतात. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि पायमोजे घालून आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये छातीला छाती लावून, बेडकासारखे हातपाय दुमडून ठेवतात, मान एका बाजूला वळवलेली व किंचित वर उचललेली ठेवतात, आणि वरून साडीचा पदर किंवा मऊ पट्टा घट्ट बांधतात. आई दमली तर वडील, आजी, मावशी कोणीही हे काम करू शकते. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांमध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असे ठेवल्यावर मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. हरयाणातल्या गावांमध्ये घरी सुरू केलेल्या कांगारू पद्धतीनेही असाच फायदा दाखवला. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाचे ८ ते २४ तास बाळाला असे ठेवावे असे सांगते.

न चोखणाऱ्या बाळाला आईचे दूध स्वच्छ वाटीत काढून चमच्याने किंवा बोंडल्याने, थेंबाथेंबाने, बाळाला थोडे उठते धरून पाजावे लागते. ते दर दोन तासांनी, रात्रीही. हे काम कंटाळवाणे आहे आणि घरातल्या एकट्या बाळंतिणीकडून ते निभत नाही. दोन किलोखालच्या बाळांच्या घरी दोन माणसे आळीपाळीने जागी राहणे हा माझ्या मते कोणत्याही टॉनिकपेक्षा मोठा उपचार आहे.

पाचवी-सहावीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, ही कल्पना कुठून आली असेल हे आकडे पाहिले की समजते. पहिल्या महिन्यात होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात.

आज घरी बाळंतपण झालेच, तर आशा कार्यकर्तीने पहिल्या दिवशी आणि मग ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचे असते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी पहिल्या दिवसाची भेट वगळून बाकीच्या सहा भेटी असतात. गडचिरोलीतल्या अनुभवावर उभा राहिलेला हा कार्यक्रम २०११ पासून देशभर राबवला जातो. ती झोळीत घालून बाळाचे वजन करते, काखेत तापमापक लावते आणि घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजते. तापमान ३६.५ अंश सेल्सियसच्या खाली गेले, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक झाले, छाती आत ओढली जाऊ लागली, दूध ओढणे थांबले, तळहात-तळपायांपर्यंत कावीळ उतरली किंवा बाळ लुळे पडले, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षात न्यायला हवे. वाटेतही बाळ आईच्या छातीशीच असावे. पोट फुगले म्हणून विळा तापवून डागण्या देण्याचे प्रकार मेळघाटातून अजून अधूनमधून ऐकू येतात. अशा वेळी संसर्ग पोटात पसरत असतो आणि डागण्यांमुळे फक्त एक जखम वाढते व मोलाचे तास जातात.

मग पुढे मूल सारखे आजारी का पडते

पहिला महिना निभावला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण न झालेल्या साठ्यांचा तुटवडा जाणवायला लागतो तो त्यानंतर, आणि एकेक करून.

सर्वांत आधी लोह संपते. पूर्ण दिवसांच्या बाळाला आईकडून मिळालेले लोह साधारण चार ते सहा महिने पुरते. लवकर जन्मलेल्याचे दोनतीन महिन्यांतच संपते, कारण मुळात ते थोडे मिळालेले असते आणि शरीर मात्र वेगाने वाढत असते. मग मूल फिकट दिसते, किरकिरते, दूध कमी पिते, वजन अडते, आणि ‘याला अंगी लागत नाही’ असे म्हटले जाते. यावर उपाय म्हणून डॉक्टर दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यापासून लोहाचे थेंब सुरू करतात. जीवनसत्त्व ‘ड’चे थेंबही रोज द्यावे लागतात, नाहीतर कॅल्शियम आणि स्फुरदाच्या मूळच्याच तुटीत भर पडून हाडे मऊ राहतात, मनगटे जाड दिसतात आणि पुढे पाय बाकदार होतात. हाच मुडदूस. लोहाअभावी फिकट आणि मुडदुसाने उशिरा चालणारे मूल घरच्यांना प्रकृतीने नाजूक वाटते; त्याच्या औषधाच्या दोन बाटल्यांची किंमत मात्र फार नसते.

छातीच्या तक्रारी इतक्या सहज आवरत नाहीत. फुप्फुसातले कप्पे जन्मानंतरही काही वर्षे वाढत राहतात, पण ज्यांची सुरुवातच लवकर आणि कष्टाने झाली, त्यांच्या श्वासनलिका अरुंद राहतात. साधी सर्दी झाली तरी त्यांना घरघर लागते, पोट उडते, आणि पहिली दोनतीन वर्षे वारंवार दवाखाना गाठावा लागतो. बहुतेकांचा हा त्रास शाळेच्या वयात कमी होत जातो. चुलीचा आणि विडीचा धूर, उदबत्त्या, डासांच्या कॉइल या मुलाच्या खोलीत असता कामा नयेत. पूर्ण दिवसांच्या मुलाला जो धूर सहन होतो, तो याला होत नाही.

प्रतिपिंडांची तूट पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधाने काही अंशी आणि लसींनी बरीचशी भरून निघते. इथे एक चूक सर्रास होते. मूल अशक्त आहे, जरा बाळसे धरू दे, असे म्हणून लसी पुढे ढकलल्या जातात. वास्तविक अपुऱ्या दिवसांच्या मुलाला लसी जन्मतारखेप्रमाणेच, वेळेवर द्यायच्या असतात. वजन फारच कमी असेल तर अगदी सुरुवातीच्या लसींबाबत डॉक्टर निर्णय घेतात. डांग्या खोकल्याचा आणि न्यूमोनियाचा सर्वाधिक धोका ज्याला, त्यालाच लस उशिरा मिळावी, हा उलटा न्याय आहे.

वाढ मोजताना मात्र जन्मतारीख वापरू नये. दोन महिने आधी जन्मलेले मूल आठ महिन्यांचे झाले, तर त्याच्याकडून सहा महिन्यांच्या मुलाची अपेक्षा ठेवावी. मान धरणे, पालथे पडणे, बसणे आणि बोलणे हे सारे असे वयातून तेवढे दिवस वजा करून पाहायचे असते, आणि ही सवलत दोन वर्षांपर्यंत द्यायची असते. तरीही मूल मागे वाटले, पाय सारखे ताठ राहू लागले किंवा एकाच हाताने खेळू लागले, तर थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अनेक जिल्ह्यांत लवकर निदान आणि उपचार करणारी केंद्रे आहेत आणि तिथल्या भौतिकोपचाराचा फायदा जितक्या लहान वयात सुरू करावा तितका अधिक होतो.

डोळ्यांचा विषय फार दुर्लक्षित आहे. लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटून कायमचे अंधत्व येऊ शकते, आणि बाहेरून डोळा अगदी नेहमीसारखा दिसत असतो. १९४० आणि १९५० च्या दशकांत पाश्चात्त्य देशांत काचपेट्यांमध्ये भरमसाट प्राणवायू दिल्यामुळे हजारो बाळे अशी आंधळी झाली; १९५० साली सहा आठवडे आधी जन्मलेले गायक स्टीव्ही वंडर त्यांपैकीच. त्यामुळे दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचा पडदा नेत्रतज्ज्ञाकडून पहिल्या तीस दिवसांच्या आत तपासून घ्यायचा असतो. बाळ फारच लहान असेल तर त्याहूनही आधी. काविळीने बहिरेपणा येऊ शकतो, म्हणून कानांची तपासणीही करावी. अशा मुलग्यांमध्ये रडताना जांघेत फुगवटा येणे, म्हणजे हर्निया, हेही बऱ्याचदा आढळते आणि त्याला शस्त्रक्रियाच लागते.

आता खाण्याविषयी. अशक्त मूल लवकर भरावे म्हणून त्याला तूपसाखर, बिस्किटे, बाजारातल्या डब्यांतल्या पावडरी भरवण्याचा मोह होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या गावांत केलेल्या अभ्यासात असे दिसले, की आपली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असली तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नसते; कमी असतात ते स्नायू. अशा बाळाचे वजन पुढे नुसत्या साखर-चरबीने भराभर वाढवले, तर मोठेपणी मधुमेह आणि रक्तदाब यांना वाट मोकळी होते. वरणभात, अंडे, दूध, डाळींच्या खिचडीवर तेल असे साधे जेवण थोडे थोडे आणि वारंवार देऊन वजनाची रेषा हळूहळू वर सरकू द्यावी. पहिल्या वर्षी आशा कार्यकर्तीच्या किंवा अंगणवाडीच्या काट्यावर ती रेषा दर महिन्याला काढलेली असावी.

जपणुकीचाही अतिरेक होतो. तोळामासा म्हणून ठरलेल्या मुलाला उन्हात खेळू देत नाहीत, पळू देत नाहीत, सहलीला पाठवत नाहीत, आणि दहाव्या वर्षी ते खरोखरच चार पायऱ्या चढून धापा टाकते. त्यातले किती फुप्फुसांचे आणि किती सवयीचे, हे ओळखणे डॉक्टरांनाही कठीण जाते. घरघर आटोक्यात असलेल्या मुलाने खेळावे, पोहावे. त्याने त्याची छाती सुधारते.

मोठेपणी आणि पुढच्या खेपेला

मूत्रपिंडांतल्या गाळण्या साधारणपणे छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तयार होतात आणि लवकर जन्मलेल्यांत त्यांची संख्या कमी राहू शकते. म्हणून अपुऱ्या दिवसांत जन्मलेल्या माणसाने तिशीपासूनच रक्तदाब अधूनमधून मोजून घ्यावा, आणि दम्यासाठी, रक्तदाबासाठी किंवा डोळ्यांसाठी कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर आपल्या जन्माची हकिगत सांगावी. लेखी पुरावा नसला तरी आजीने सांगितलेल्या खुणा पुरतात.

ज्या स्त्रीला एकदा अपुऱ्या दिवसांत बाळंतपण झाले, तिला पुढच्या खेपेलाही तसे होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. तिने नाव लवकर नोंदवावे आणि पहिल्या तीन महिन्यांतच सोनोग्राफी करून घ्यावी, कारण दिवसांचा अचूक हिशेब तेव्हाच सर्वांत नीट लागतो. न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ मध्ये दाखवले, की लवकर कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर पोटातल्या बाळाची फुप्फुसे बाहेर येण्यापूर्वीच लवकर पिकतात. भारतात २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान यासाठी डेक्सामेथासोन वापरतात. ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने बारा बारा तासांनी देतात, आणि २०१४ च्या सरकारी सूचनांनुसार पहिला डोस उपकेंद्रातली परिचारिकासुद्धा, आईला मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी, देऊ शकते. हेच इंजेक्शन दिवस नीट माहीत नसताना, खरोखर लवकर बाळंतपण होणार नसलेल्या स्त्रियांना सरसकट दिले, तर फायद्याऐवजी अपाय होऊ शकतो असेही पुढच्या अभ्यासांत दिसून आले. त्यामुळे दुखायला लागताच घरातून निघताना कपड्यांच्या पिशवीत सोनोग्राफीचा पहिला कागद आणि माता-बाल संरक्षण कार्ड आधी ठेवावे.